उंबरठ्याबाहेरचा पाहुणा: किशोरवयीन मुलींच्या व्हॅम्पायर प्रेमकथा समजून घेताना

वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात भातलावणीचे दिवस संपले की संध्याकाळचा एक तास शाळकरी मुलींचा असतो. गेल्या आषाढात दहावीत शिकणाऱ्या एका मुलीने एक जाडजूड इंग्रजी पुस्तक परत केले. त्याचे मुखपृष्ठ काळे होते आणि त्यावर दोन गोऱ्या हातांच्या ओंजळीत लालभडक सफरचंद होते. पुढचा भाग मिळेल का, असे तिने विचारले. शेजारी वर्तमानपत्र वाचत बसलेल्या आजोबांनी गोष्ट कशाची आहे हे तिच्याकडून ऐकले आणि चष्मा काढून ते म्हणाले, “अगो, भुतावांगडा खय लगीन लागता?” ती म्हणाली, “आजोबा, तो भूत नाय, व्हॅम्पायर आसा.” मग दोघांत फरक काय, हे आजोबांनी विचारले तेव्हा तिला ते सांगता आले नाही, आणि मलाही त्या दिवशी नीट सांगता आले नाही. त्यानंतर मी ही पुस्तके वाचून काढली. आपली मुलगी रात्री फोनच्या उजेडात नेमके काय वाचते, असा प्रश्न ज्या आईबापांना पडतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आजोबांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू. आपल्याकडे मृतदेहाला अग्नी दिला जातो, त्यामुळे मागे उरण्यासारखे शरीर नसते. समंध असो, मुंजा असो, हडळ असो, त्यांना स्वतःचा देह नसतो. ते झाड धरतात, विहीर धरतात किंवा एखाद्या माणसाला धरतात. युरोपात मात्र प्रेत पुरण्याची रीत होती, म्हणून तेथील लोकांच्या मनातली भीती वेगळ्या प्रकारची होती. पुरलेले प्रेत कुजलेच नाही आणि रात्री थडग्यातून उठून आले तर काय, ही ती भीती. व्हॅम्पायर म्हणजे असा उठून आलेला देह, जो जिवंत माणसांचे रक्त पिऊन टिकून राहतो. त्याला हात लावता येतो, त्याच्याशी बोलता येते. पुढच्या काळात त्याच्याशी प्रेम जुळवणारी गोष्ट लिहिता आली, ती त्याला शरीर होते म्हणूनच.

ही भीती नुसती सांगोवांगी नव्हती, तिची सरकारी कागदपत्रे आहेत. १७२५ साली सर्बियातील किसिल्येवो या गावात पेटार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मेला आणि त्यामागोमाग काही दिवसांतच गावातली आणखी माणसे दगावली. त्यांचा गळा हाच मृत माणूस रात्री येऊन आवळतो, असे गावाने ठरवले आणि ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यासमोर थडगे उघडण्यात आले. १७३२ च्या सुरुवातीला मेद्वेजा या दुसऱ्या गावातील अशाच प्रकाराची लष्करी शल्यचिकित्सकांनी चौकशी केली आणि त्यांचा अहवाल युरोपभर छापला गेला. त्यात लिहिले होते की प्रेते फुगलेली होती, तोंडाशी ताजे वाटणारे रक्त होते, नखे वाढल्यासारखी दिसत होती. आज न्यायवैद्यक शास्त्र याचा उलगडा सहज करते. थंड मातीत प्रेत सावकाश कुजते, पोटात वायू साठल्यामुळे ते फुगते, त्या दाबाने गडद द्रव तोंडावाटे बाहेर येतो आणि कातडी आक्रसल्यामुळे नखे व केस वाढल्याचा भास होतो. १७५५ साली सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने आपले वैद्य जेरार्ड फान स्वीटेन यांच्या सल्ल्यावरून थडगी उकरण्यास मनाई केली.

अशा बहुतेक प्रकरणांच्या मुळाशी साथीचा रोग असतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातील एक्झिटर गावी १८९२ साली मर्सी ब्राउन या एकोणीस वर्षांच्या मुलीचे प्रेत उकरून तिचे काळीज जाळले गेले, कारण त्या घरात एकामागून एक माणसे क्षयाने झिजत होती आणि मेलेलेच जिवंतांना शोषत आहेत, असे गावाला वाटत होते. जंतूंची ओळख नसताना घरातल्या घरात पसरणाऱ्या मरणाचा अर्थ माणसे अशा तऱ्हेने लावत होती. मालवण तालुक्यातील आचरे गावात ठरावीक वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळा गाव गुराढोरांसह तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. या गावपळणीमागेही जुन्या साथींची आठवण असावी, असे मानणारे अनेक आहेत. आपण गाव सोडला आणि त्यांनी थडगे उकरले, पण भीतीची जात बहुधा एकच होती.

येथे एक नोंद कोकणच्या वाचकासाठी करायलाच हवी. व्हॅम्पायर हा शब्द इंग्रजांनी आपल्या वेताळालाही लावला. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागर’ या ग्रंथात वेताळाच्या ज्या पंचवीस कथा आहेत, त्या परंपरेचे इंग्रजी रूपांतर रिचर्ड बर्टन याने १८७० साली प्रसिद्ध केले आणि त्याला ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’ असे नाव दिले. वास्तविक तो वेताळ रक्त पीत नाही. तो दुसऱ्याच्या प्रेतात राहतो, राजाच्या पाठीवर बसून गोष्टी सांगतो आणि शेवटी राजाचे प्राणही वाचवतो. आमच्या तालुक्यात तर आरवलीचा श्री देव वेतोबा साऱ्या पंचक्रोशीचा राखणदार आहे. रात्री तो गावाची फेरी करतो अशी श्रद्धा आहे, म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा आणि केळीचे घड अर्पण करतात. ज्याची दहशत वाटावी तोच आपला रक्षणकर्ता होतो, ही कल्पना आपल्या मुलींना आजीकडून आधीच मिळालेली असते. इंग्रजी पुस्तकातला देखणा, धोकादायक आणि तरीही जपणारा नायक त्यांना इतका परका का वाटत नाही, याचे एक कारण मला येथे दिसते.

खेड्यातले फुगलेले प्रेत दिवाणखान्यातला देखणा पुरुष कसे झाले, ती हकिगतही सांगण्यासारखी आहे. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि त्याच्या राखेमुळे पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. जिनिव्हाच्या सरोवराकाठी एका घरात पावसाने अडकलेल्या लेखकमंडळींनी भयकथा लिहिण्याची पैज लावली. त्या मंडळींत कवी बायरन होता आणि त्याचा तरुण डॉक्टर जॉन पोलिडोरी होता. १८१९ साली छापल्या गेलेल्या पोलिडोरीच्या कथेतला व्हॅम्पायर हा उमराव आहे. तो मेजवान्यांना जातो, तरुणींना भुरळ घालतो आणि त्यांचा जीव घेतो. १८७२ पर्यंत शेरिडन ले फानू याच्या ‘कार्मिला’मध्ये व्हॅम्पायर ही एक तरुण मुलगी झाली होती आणि तिचे प्रेम दुसऱ्या मुलीवर होते. मग १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकर याची ‘ड्रॅक्युला’ आली आणि व्हॅम्पायरचे कायदेकानू जवळपास पक्के झाले. आरशात त्याचे प्रतिबिंब पडत नाही, लसूण त्याला सोसत नाही, आणि घरातल्या कोणीतरी ‘आत ये’ म्हटल्याशिवाय त्याला पहिल्यांदा उंबरठा ओलांडता येत नाही. उन्हाने तो जळून जातो हा नियम मात्र स्टोकरचा नाही. त्याचा ड्रॅक्युला दिवसा लंडनमध्ये फिरतो. फक्त त्या वेळी त्याची शक्ती कमी असते. सूर्यप्रकाशाने मरण ही १९२२ सालच्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटाची देणगी आहे. यांपैकी उंबरठ्याचा नियम वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याच्यावरच बरेच काही अवलंबून आहे.

विसाव्या शतकातला सर्वांत मोठा बदल १९७६ साली अ‍ॅन राइस यांच्या कादंबरीने घडवला, कारण तिथे व्हॅम्पायर स्वतःच आपली कहाणी सांगतो. ज्याची भीती वाटायची त्याच्या मनात आपण शिरलो की ती भीती पातळ होऊ लागते. १९९१ पासून ‘द व्हॅम्पायर डायरीज’ या पुस्तकमालेने तो शाळेच्या वर्गात आणून बसवला आणि १९९७ मध्ये ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या मालिकेने त्याच्यासमोर त्याला मारू शकणारी मुलगी उभी केली.

आता ‘यंग अडल्ट’ या शब्दाकडे वळू, कारण पालकांचा गोंधळ बऱ्याचदा येथेच होतो. साधारण बारा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या साहित्याला इंग्रजी प्रकाशनव्यवसाय हे नाव देतो. १९६७ सालच्या ‘द आउटसायडर्स’ या कादंबरीपासून हा प्रकार वेगळा ओळखला जाऊ लागला, असे सामान्यतः मानले जाते. तिची लेखिका एस. ई. हिंटन त्या वेळी स्वतःच अठरा वर्षांची होती. या कादंबऱ्यांत नायिका किंवा नायक वाचकाच्याच वयाचा असतो, गोष्ट बहुधा ‘मी’च्या तोंडून सांगितलेली असते आणि सगळे काही पहिल्यांदा घडत असते: पहिले प्रेम, पहिला विश्वासघात, आईवडिलांपासून लपवलेले पहिले गुपित. प्रौढ लेखक वरून खाली पाहत उपदेश करत नाही. मराठीत ‘किशोर’सारखे मासिक १९७१ पासून चालू आहे, फास्टर फेणे आहे, पण आठवी-नववीनंतरच्या वाचकाला आपण एकदम मोठ्यांच्या कपाटासमोर उभे करतो. आमच्या वाचनालयात चौदा ते अठरा वयासाठी वेगळा कप्पा नाही आणि तो भरण्याइतकी मराठी पुस्तके मला सापडलेली नाहीत. ही उणीव मला मनापासून सलते. मुली इंग्रजीकडे वळतात त्याला इंग्रजी शाळा एकट्या कारणीभूत नाहीत.

या पार्श्वभूमीवर २००५ च्या ऑक्टोबरमध्ये स्टेफनी मायर यांची ‘ट्वायलाइट’, म्हणजे त्या मुलीने परत केलेले सफरचंदाच्या मुखपृष्ठाचे पुस्तक, प्रसिद्ध झाली. बेला ही सतरा वर्षांची मुलगी वडिलांकडे फोर्क्स नावाच्या गावी राहायला येते आणि शाळेतल्या एडवर्डच्या प्रेमात पडते. एडवर्डचा जन्म १९०१ चा. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मरणाच्या दारात असताना तो व्हॅम्पायर झाला आणि तेव्हापासून सतरा वर्षांचाच राहिला. साथ आणि व्हॅम्पायर यांचे जुने नाते येथेही सुटलेले नाही. त्याचे कुटुंब माणसांऐवजी जनावरांचे रक्त पिते आणि उन्हात त्याची कातडी जळण्याऐवजी हिऱ्यासारखी चमकते. फोर्क्स हे काल्पनिक गाव नाही. अमेरिकेत सर्वाधिक पाऊस कोठे पडतो याचा लेखिकेने गूगलवर शोध घेतला आणि वॉशिंग्टन राज्यातले हे लाकूडतोडीवर जगणारे छोटे गाव निवडले. तेथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्या किनाऱ्याइतकाच. पण आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि तेथे तो वर्षभर रेंगाळतो. आमच्या मुलींना त्या पुस्तकातले ओले रान, शेवाळ धरलेली झाडे आणि कधीच न वाळणारे कपडे समजावून सांगावे लागत नाहीत.

चार भागांची ही मालिका २००८ मध्ये पूर्ण झाली. शेवटच्या भागाच्या एकट्या अमेरिकेत पहिल्या चोवीस तासांत तेरा लाख प्रती खपल्या. जगभरात मालिकेच्या दहा कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आणि २००८ ते २०१२ या काळात आलेल्या पाच चित्रपटांनी तीनशे कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. एवढ्या मुलींना यात काय सापडले असेल? माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर असे आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला शरीराची जाणीव झालेली असते, आकर्षण वाटत असते आणि त्याच वेळी त्या आकर्षणाची भीतीही वाटत असते. आपल्यापेक्षा ताकदवान असलेला पुरुष आपल्यासाठी स्वतःला आवरू शकेल का, हा तिच्या मनातला प्रश्न असतो. घरात तो विचारायची सोय नसते. व्हॅम्पायरची गोष्ट हाच प्रश्न रक्ताच्या तहानेच्या रूपात मांडते: त्याला तिचा जीव घेण्याची ओढ आहे आणि तो प्रत्येक पानावर ती ओढ दाबून धरतो. पाचशे पानांत फारसे काही घडत नाही अशी तक्रार मोठी माणसे करतात. त्या न घडण्यातच वाचणाऱ्या मुलीचा श्वास अडकलेला असतो.

आता जे मला खटकते तेही सांगतो. उंबरठ्याचा तो जुना नियम या मालिकेत नाही. एडवर्ड बेलाच्या खोलीत तिच्या नकळत शिरतो आणि रात्रभर तिला झोपलेली पाहत बसतो. पुढे तिने आपल्या मित्राकडे जाऊ नये म्हणून तो तिच्या गाडीच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो. पुस्तकात याला काळजी म्हटले आहे, परंतु प्रत्यक्ष आयुष्यात मुलगा मुलीचा फोन तपासू लागला, ती कोणाशी बोलते याचा हिशेब मागू लागला, तर त्याला पाळत म्हणतात. राखणदार वेशीवर उभा राहतो. तो तुमच्या अंथरुणाशी बसत नाही आणि तुमची वाट अडवत नाही. मुलींशी बोलताना मी हाच फरक पुढे ठेवतो, आणि आनंदाची गोष्ट ही की बहुतेकींनी तो माझ्याआधीच हेरलेला असतो.

आणखी एक आक्षेप समुद्रकाठच्या वाचकाला चटकन कळेल. मालिकेतला दुसरा नायक, म्हणजे बेलाचा तो मित्र जेकब, लांडग्याचे रूप घेऊ शकतो आणि तो क्विल्यूट या मूळनिवासी जमातीचा दाखवला आहे. ही जमात खरोखरच फोर्क्सजवळच्या ला पुश या किनाऱ्यावर राहते. तिच्या लांडग्यांविषयीच्या जुन्या कथेला मोडतोड करून कादंबरीत वापरले गेले, त्यावर इतरांनी पैसा मिळवला, आणि ती जमात स्वतः त्सुनामीच्या टप्प्यात वसलेली शाळा व घरे उंचावर कशी न्यायची या विवंचनेत होती. त्यासाठीची जमीन तिला २०१२ मध्ये कायद्याने मिळाली. आपल्या वेतोबाला किंवा दशावतारातल्या संकासुराला उद्या कोणी असेच उचलून नेले तर आपल्याला काय वाटेल, हे मनाशी ताडून पाहावे.

पुस्तक वाचून संपले तरी गोष्ट संपत नाही, आणि पालकांना सर्वांत अनोळखी असलेला भाग येथे सुरू होतो. एखाद्या कलाकृतीच्या चाहत्यांच्या संपूर्ण जगाला फॅन्डम म्हणतात. त्यात मूळ लेखकाने लिहिले ते ‘कॅनन’, आणि चाहत्यांनी त्याच पात्रांवर रचलेल्या नव्या कथा म्हणजे ‘फॅनफिक्शन’. कोणत्या दोन पात्रांची जोडी जुळावी असे आपल्याला वाटते, ती आपली ‘शिप’. बेलाने एडवर्डला निवडावे की जेकबला, यावरून एके काळी ‘टीम एडवर्ड’ आणि ‘टीम जेकब’ असे तट पडले होते. आपल्याला हे अगदीच नवीन नाही. आकेरीच्या वाड्यात चित्रित झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेतील अण्णा नाईक आणि शेवंता यांच्यावरून आमच्या बाजारपेठेत जे वाद रंगत, त्यांत फॅन्डमची सगळी लक्षणे होती, फक्त त्याला नाव नव्हते. हिंदीत २०१० साली ‘प्यार की ये एक कहानी’ ही व्हॅम्पायर प्रेमाची मालिका आली होती. आजच्या काही तरुण आयांनी ती पाहिलेली आहे, हे मुलींशी बोलताना आठवावे.

फॅनफिक्शन लिहिणाऱ्या बहुसंख्य मुली व स्त्रिया असतात आणि त्या पैशांसाठी लिहीत नाहीत. कधीकधी मात्र त्यातूनच व्यवसाय उभा राहतो. ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ ही प्रौढांसाठीची कादंबरी मुळात ‘ट्वायलाइट’वरचे फॅनफिक्शन होते, नावे बदलून ती २०११ मध्ये पुस्तकरूपात आली. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे चाहत्यांनीच चालवलेले फॅनफिक्शनचे मोठे संकेतस्थळ २००९ पासून खुले आहे आणि २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथा क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तेथे प्रत्येक कथेला वयोगटाची श्रेणी आणि आत काय आहे हे सांगणाऱ्या खुणा लावण्याची पद्धत आहे. ‘वॉटपॅड’ या कथा लिहिण्यावाचण्याच्या अ‍ॅपवर प्रौढ मजकुराची वेगळी खूण असते. ‘प्रतिलिपी’ या तशाच भारतीय अ‍ॅपवर मराठीतल्या भयकथा आणि प्रेमकथा भरपूर सापडतात. मुलीच्या हातातून फोन काढून घेण्यापूर्वी या खुणा कशा वाचायच्या हे तिच्याकडूनच शिकून घ्यावे, असे मी सुचवेन. त्या बाबतीत तिला आपल्यापेक्षा जास्त कळते.

गेल्या काही वर्षांत ही लाट पुन्हा उसळली आहे. २००८ मध्ये अपुऱ्या मसुद्याची चोरी झाल्यामुळे मायर यांनी बाजूला ठेवलेली ‘मिडनाइट सन’, म्हणजे एडवर्डच्या बाजूने सांगितलेली तीच गोष्ट, २०२० च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाली. तोवर टिकटॉकवर पुस्तकांविषयी बोलणाऱ्या मुलामुलींचे एक जग उभे राहत होते. भारतात त्या अ‍ॅपवर त्याच वर्षी जूनमध्ये बंदी आली, म्हणून आपल्याकडच्या मुली तेच सारे इन्स्टाग्रामच्या रील्समध्ये पाहतात. नव्या कादंबऱ्या मात्र जुन्या साच्यातल्या राहिलेल्या नाहीत. हॉली ब्लॅक यांच्या २०१३ सालच्या ‘द कोल्डेस्ट गर्ल इन कोल्डटाउन’मध्ये व्हॅम्पायर होणे हा पुन्हा एकदा संसर्ग आहे. लागण झालेल्यांची भिंतीआड वेगळी शहरे आहेत, आणि आत चालणाऱ्या मेजवान्यांचे चित्रण बाहेरची मुले पडद्यावर आसुसून पाहतात. करोनाच्या टाळेबंदीनंतर हे पुस्तक वाचताना अंगावर काटा येतो. रेने आहदीए यांच्या २०१९ मधल्या ‘द ब्यूटिफुल’ची गोष्ट १८७२ च्या न्यू ऑर्लिन्समध्ये घडते. २०२४ मध्ये आलेल्या तिगेस्त गिर्मा यांच्या ‘इम्मॉर्टल डार्क’मध्ये व्हॅम्पायरची कुळकथाच युरोपातून उचलून आफ्रिकेच्या मातीत रुजवली आहे. ही शेवटची दिशा मला सर्वांत आशादायक वाटते, कारण तीच वाट आपल्या भाषेकडे येऊ शकते.

त्या दहावीतल्या मुलीला पुढचा भाग मी शहरातल्या मोठ्या वाचनालयातून आणून दिला. गणपतीच्या सुट्टीनंतर तिने तो परत केला आणि सोबत दोनशे पानी वहीत मराठीत लिहिलेली स्वतःची गोष्ट वाचायला दिली. तिची बेला वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ राहते आणि तिचा नायक मागच्या शतकातल्या प्लेगच्या साथीत मेलेला खलाशी आहे. मिरगाच्या पहिल्या पावसात तो त्यांच्या घरी येतो. खळ्यात तुळशीवृंदावनापाशी भिजत उभा राहतो, पायरीवर पाऊल ठेवत नाही, आणि पडवीतून कोणी हाक मारते का याची वाट पाहतो. पंचवीस पाने झाली तरी तिने त्याला अजून आत बोलावलेले नाही. का, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “तिका अजून ठरवूचा आसा.” आजोबांनी ती वही मागून घेतली आहे आणि सध्या ती त्यांच्याकडेच आहे.